अनोळखी माणसाचा शब्द

पटावरचा डाव म्हटला की आपल्याला शकुनीचे फासे आठवतात. ‘डिप्लोमसी’ या अमेरिकन खेळात फासाच नाही. दैवाला तेथे मज्जाव आहे. १९०१ सालचा युरोपचा नकाशा, ७ सत्ता, ३४ ठाणी. १८ ठाणी ज्याच्या हाती येतील तो जिंकला. सर्वांनी आपापले हुकूम गुप्तपणे लिहायचे आणि ते एकदमच उघडायचे. गोम अशी, की प्रत्येक सैन्याचे बळ सारखे. एकट्याने दुसऱ्याला हुसकता येत नाही. पाठीशी आणखी एखादे सैन्य लागते. आरंभी पदरी असतात तीनच, रशियाच्या तेवढी चार. तेव्हा पाठबळ शेजाऱ्याकडून उसने आणायचे, आणि ते शब्दांनी.

ॲलन कॅल्हॅमर यांनी हा खेळ १९५४ मध्ये पुरा केला आणि १९५९ मध्ये पदरमोड करून त्याच्या पाचशे प्रती काढल्या. पुढे हे गृहस्थ पोस्टमन झाले. पत्रांवर चालणाऱ्या खेळाच्या कर्त्याने घरोघर पत्रे वाटावीत, हा योगायोग मी कादंबरीत घातला असता तर संपादकांनी खोडला असता!

आता तो इंटरनेटवर परक्या माणसांशी खेळता येतो. मी शाळा सुटल्यावर ‘वेबडिप्लोमसी’वर खेळतो, एका चालीला एक दिवस, असा सावकाश डाव मला मानवतो. निनावी डावात समोरच्याचे नाव, वय, देश काही कळत नाही. कळते ते फक्त त्याचे गद्य. म्हणूनच हा खेळ युद्धखेळ म्हणून बेताचा असला, तरी पत्रव्यवहार म्हणून मी त्याला वरचे स्थान देतो. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण ‘तू गॅलिशियात येऊ नकोस, मीही येत नाही’ एवढेच लिहिणाऱ्या रशियावर विश्वास बसतो. आणाभाका घेणाऱ्यावर बसत नाही. दगा देणाऱ्यालाही आधी चार हंगाम खरे वागावे लागते. मेव्हण्याशी खेळताना ही गंमत नाही. तेथे विश्वास नात्यावर टाकलेला असतो, आणि भांडण फराळाच्या ताटावर मिटते.

हा खेळ मुलांना खोटे बोलायला शिकवतो, अशी तक्रार कोणी करील. माझी तक्रार निराळी आहे. हरू लागलेला परका खेळाडू न सांगता निघून जातो. त्याची सैन्ये जागच्या जागी उभी राहतात, शेजारी फुकटात पुष्ट होतो आणि बाकीच्यांचे आठवडे पाण्यात जातात. खोटे नियमात बसते, पळ काढणे बसत नाही. म्हणून तेथे खेळाडूच्या भरवशाची टक्केवारी मांडून ठेवतात. तिने थोडा फरक पडतो, फार नाही.

२०२२ मध्ये मेटा कंपनीने ‘सिसेरो’ नावाचा यंत्रमेंदू याच पटावर, यंत्र असल्याचे न सांगता, बसवला. ४० डाव खेळून तो, एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत, वरच्या दहा टक्क्यांत आला. गद्यावरून माणूस ओळखू म्हणणाऱ्या आम्हा लेखकांना हा टोलाच! मात्र ते डाव पाच-पाच मिनिटांच्या चालींचे होते, आणि त्या घाईत माणसाची पत्रेही यंत्रासारखीच उतरतात.

‘गनबोट’ नावाच्या प्रकारात पत्रे अजिबात बंद. न मागता इटलीने पाठबळ दिले, तर तेच पत्र समजायचे. जाणकार त्याची तारीफ करतात. मला त्या मुक्या डावांची गोडी अजून लागलेली नाही.