रणांगण

रणांगण : विश्राम बेडेकर (१९०६–९८) यांची १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेली मराठी कादंबरी. नाटककार व चित्रपट-दिग्दर्शक म्हणूनही ख्याती पावलेल्या बेडेकरांची ही एकमेव कादंबरी होय. शीर्षकामुळे युद्धकथेची अपेक्षा निर्माण होते. परंतु तीत एकाही लढाईचे वर्णन नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर यूरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवरील काही दिवस, एवढाच तिचा मुख्य अवकाश आहे. तेव्हा तिला युद्धकादंबरी म्हणता येईल काय, हा प्रश्न तिच्या मूल्यमापनात महत्त्वाचा ठरतो.

युद्धकादंबरीचा नमुना म्हणून एरिख मारिया रेमार्क (१८९८–१९७०) या जर्मन लेखकाच्या, ‘पश्चिम आघाडीवर नवे काही नाही’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीचा (१९२९) निर्देश केला जातो. शिक्षकाच्या भाषणांनी भारावून सैन्यात गेलेली शाळकरी मुले पहिल्या महायुद्धातील खंदकांत एकामागून एक बळी पडतात, हा तिचा विषय. तिचा निवेदक पॉल बॉयमर तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि तो मरेपर्यंत त्याच्याजवळ अडकून पडतो. मृताच्या कागदपत्रांवरून त्याचे नाव, व्यवसाय व कुटुंब समजते, तेव्हा शत्रू ही कल्पनाच निरर्थक ठरते. नाझी राजवटीत १९३३ मध्ये हे पुस्तक जाळण्यात आले व १९३८ मध्ये रेमार्क यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले.

त्याच राजवटीने देशोधडीला लावलेले ज्यू निर्वासित रणांगणमधील बोटीवर आहेत. त्यांपैकी हॅर्टा ही तरुणी व प्रेमभंगाने कडवट झालेला निवेदक चक्रधर विध्वंस यांच्यात प्रेम निर्माण होते. मुंबईला चक्रधर उतरतो. निर्वासित हॅर्टाला पुढे पूर्वेकडे जावे लागते आणि त्या प्रवासात ती समुद्रात जीव देते.

पॉलने ज्याला मारले, त्याची ओळख त्याला नंतर पटते. चक्रधरला हॅर्टाची पुरती ओळख असते आणि तरीही तो तिला वाचवू शकत नाही. त्याच्या हाती शस्त्र नाही, तो कोणत्याही सैन्यात नाही. पण युद्धखोर जगात तटस्थ माणूसही निरपराध राहत नाही, ही जाणीव त्याच्या निवेदनाला टोचत राहते. खंदक नसूनही शीर्षक सार्थ होते ते यामुळे. येथील रणांगण बोटीवरील परस्परसंशयात आणि निवेदकाच्या मनात आहे.

कादंबरीत उणिवाही आहेत. काही प्रवासी व्यक्ती म्हणून उभे राहण्याऐवजी राष्ट्र, वंश वा धर्म यांविषयीच्या मतांचे वाहक बनतात. चक्रधरच्या पूर्वीच्या प्रेमभंगातून त्याच्या स्त्रीविषयक तुच्छतेची दिलेली उपपत्तीही काहीशी ठोकळेबाज वाटते. तथापि हॅर्टाच्या पत्रांतील आर्तता आणि निवेदनातील अलंकारविरहित, तुटक गद्य यांमुळे भावविवशता बव्हंशी टळली आहे.

मराठी प्रेमकथेला जागतिक इतिहासाच्या आघाताखाली आणून वैयक्तिक सुखदुःख व राजकारण यांतील अंतर या कादंबरीने पुसून टाकले. युद्ध आघाडीपुरते मर्यादित नसते, ही तिची जाणीव आजही जुनी झालेली नाही.