परीक्षेतले पाणी आणि बाहेरचे पाणी

मोबाइल फोनच्या जाहिरातींत पाणी पुष्कळ असते. कोणी फोन हातात धरून तलावात उडी मारतो, तर कोणी लाटांत उभा राहून छायाचित्रे काढतो. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘आयपी ६८’ असे छापलेले असते. ग्राहक चित्र पाहतो, अक्षरे वाचत नाही. चित्र जे दाखवते आणि अक्षरे जे सांगतात त्यांत फार अंतर आहे. ते नेमके कोठे आहे, हे पाहू.

‘आयपी’ हे आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातील चिन्ह आहे. त्यापुढचा पहिला अंक धुळीपासूनच्या संरक्षणाचा व दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. दुसरा अंक ४ असेल तर चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे चालतात. ५ व ६ म्हणजे नळीतून जोराने येणारी धार. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. ८ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा. पण किती खोल आणि किती वेळ, हे उत्पादकाने स्वतः सांगायचे असते. त्यामुळे ‘६८’ चा शिक्का असलेले दोन फोन सारखे असतीलच असे नाही.

८ हा अंक ६ पेक्षा मोठा, म्हणून ८ वाला फोन धारही सहन करील, असे आपण सहज धरून चालतो. ते चूक आहे. पाण्यात बुडवणे आणि पाण्याची धार मारणे हे दोन वेगळे विषय आहेत. गणितात चांगले गुण मिळवणारा विद्यार्थी भूगोलातही उत्तीर्ण झाला, असे आपण गुणपत्रिका न पाहता म्हणत नाही. दोन्ही परीक्षा दिलेल्या वस्तूवर दोन्ही अंक लिहिले जावेत, अशीच मानकाची अपेक्षा आहे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. परीक्षेतले पाणी गोडे आणि स्थिर असते. वस्तूही नवी कोरी असते. फोन खिशात दोन वर्षे वागवला, एकदोनदा पडला, की त्याच्या सांध्यांतील रबर व गोंद पूर्वीसारखे राहत नाहीत. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो व ते बारीक फटीत सहज शिरते. शिवाय बाहेरचे पाणी क्षारयुक्त असते. खरे नुकसान येथेच सुरू होते.

अतिशुद्ध पाणी विजेचे अगदी मंद वाहक आहे. समुद्राचे पाणी त्याच्या जवळजवळ दहा लाख पट चांगले वाहक असते. फोनच्या विद्युतघटाचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट, चार्जरचा बहुधा ५ व्होल्ट किंवा अधिक. पाण्याचे विघटन करण्यास तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणजे खारट ओलावा असलेल्या खाचेत चार्जर खुपसणे म्हणजे विद्युत-विघटनाचा प्रयोग मांडणेच होय. धन टोकाचा धातू आयनांच्या रूपाने विरघळू लागतो आणि संपर्कबिंदू गंजतात.

हा केवळ तात्त्विक आक्षेप नाही. सॅमसंगच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीने २०१६ ते २०१८ या काळात गॅलेक्सी फोन तलावात व समुद्रात वापरता येतील असे सुचवणाऱ्या जाहिराती केल्या. असे पाणी लागलेला फोन ओला असतानाच चार्ज केल्यास खाच गंजू शकते, हे पुढे कंपनीनेच मान्य केले. जून २०२२ मध्ये तेथील न्यायालयाने तिला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्याआधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अ‍ॅपलला १ कोटी युरोंचा दंड केला होता. पाण्यापासून संरक्षणाचे दावे प्रयोगशाळेतील विशिष्ट परिस्थितीपुरते आहेत, हे जाहिरातीत स्पष्ट केलेले नव्हते. आणि द्रवाने झालेले नुकसान मात्र हमीतून वगळलेले होते. चित्रात पाणी दाखवायचे आणि हमीपत्रात ते नाकारायचे, हा व्यवहार सरळ म्हणता येणार नाही.

मात्र सारा दोष कंपन्यांवर टाकून चालणार नाही. भिजलेला फोन तांदळात पुरून ठेवा, हा उपाय आपणच एकमेकांना सांगत असतो. तांदूळ हवेतील बाष्पाशी समतोल साधून असतो; पावसाळ्यात तो स्वतःच पुरेसा दमट असतो. चिपखाली अडकलेले पाणी तो ओढून घेत नाही, आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेला क्षार तर मुळीच काढत नाही. तांदळाचे कण आत जाऊन फोन बिघडू शकतो, म्हणून असे करू नये, असे अ‍ॅपलनेही आपल्या सूचनांत म्हटले आहे. योग्य क्रम साधा आहे : फोन ताबडतोब बंद करावा, चार्जर लावू नये, सिमकार्डाचा कप्पा काढावा, खाच खाली करून हलकेच पाणी झटकावे आणि वाऱ्यात सुकू द्यावा. पाणी खारे असेल व ते आत गेले असेल, तर फोन उघडून आतून साफ करून घेण्याला पर्याय नाही.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन पेले घ्या. एकात बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात तेच पाणी व चमचाभर मीठ. प्रत्येकात तांब्याच्या दोन उघड्या तारा एकमेकींना न लागतील अशा सोडा आणि टॉर्चचे तीन सेल जोडा. घरातली वीज कदापि वापरू नका. थोड्याच वेळात मिठाच्या पेल्यात ऋण तारेवर बुडबुडे येतील, धन तार झिजू लागेल व पाणी गढूळ होईल. दुसऱ्या पेल्यात विशेष काही दिसणार नाही. आता मिठाच्या ताज्या पाण्यात सेल न जोडता नुसत्या तारा ठेवून पाहा. पाणी, क्षार आणि वीज यांपैकी एक वगळले की काय होते, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.

त्यानंतर त्यांच्यापुढे फोनची एखादी जाहिरात ठेवावी आणि एकच प्रश्न विचारावा : ही परीक्षा कोणत्या पाण्यात घेतली? हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर घरातला पुढचा फोन घेताना चित्राऐवजी हमीपत्र वाचले जाईल.