बार्सेलोनेतचे 'मेक्सिकन' बंगले आणि सॅम्पलचा घोळ

सिलेक्शन बायसची व्याख्या तुम्हा सगळ्यांना पाठ असते, पण उदाहरण मागितलं की गाडी अडते. म्हणून आज एक अख्खं गावच उदाहरण म्हणून घेऊ.

फ्रान्सच्या आग्नेयेला, आल्प्समधल्या उबाय नदीच्या खोऱ्यात बार्सेलोनेत नावाचं छोटं गाव आहे. १२३१ मध्ये वसवलेलं. गावाच्या कडेने फिरताना मोठमोठ्या बागांमधले ऐटदार बंगले दिसतात. सगळे त्यांना 'मेक्सिकन व्हिला' म्हणतात, आणि पहिली गडबड इथेच आहे. साधारण १८८० ते १९३० या काळातल्या या घरांच्या बांधणीत मेक्सिकन असं फारसं काही नाही. थाट सगळा त्या वेळच्या युरोपीय श्रीमंतांचा. मेक्सिकोचा आहे तो पैसा. म्हणजे लेबल फंडिंगवरून लावलंय!

गावात सांगतात ती कथा अशी: १८२१ च्या सुमारास शेजारच्या झोझिए गावचे आर्नो बंधू मेक्सिकोला गेले, त्यांनी कापडाचं दुकान काढलं आणि मागोमाग खोऱ्यातली पोरं निघाली. मेक्सिको सिटीतली 'एल पालासिओ दे इएरो' आणि 'लिव्हरपूल' ही मोठी दुकानं याच मंडळींनी उभारली. इथपर्यंत ठीक. पण 'गेले, राबले, श्रीमंत झाले' या निष्कर्षाला बंगल्यांचा पुरावा चालत नाही. बंगला कोण बांधणार? ज्याला यश मिळालं आणि जो परत आला, तो. काउंटरमागे नोकरीच करत राहिलेल्याचं किंवा तिकडेच मेलेल्याचं घर या रस्त्यावर कसं असेल? दफनभूमीत जाऊन मोजू म्हणाल, तर तिथेही नजर जाते ती श्रीमंतांच्या भव्य कबरींवर.

(आपल्याकडेही पीएचडी झालेल्यांच्याच मुलाखती घेतात आणि 'टिकून राहा, होतंच' असा सल्ला देतात. मधेच सोडून गेलेल्यांना कोण फोन करतं?)

आणि एक गट तर या सॅम्पलमध्ये येऊच शकत नाही. मेक्सिकोत ओरिसाबाजवळच्या रिओ ब्लांको कापड गिरणीत बार्सेलोनेतच्या भांडवलदारांचा मोठा वाटा होता. ७ जानेवारी १९०७ रोजी तिथल्या कामगारांनी, ज्यांची मजुरी उधारीतच जिरायची, गिरणीलगतच्या दुकानावर हल्ला केला. दुकानाचा मालक व्हिक्तोर गार्सँ, तोही फ्रेंच. लष्कराने कामगारांवर गोळ्या झाडल्या. बंगल्यांचा पैसा ज्या धंद्यातून आला, त्याच धंद्याची ही दुसरी बाजू. पण उबायच्या खोऱ्यात कितीही फिरलात तरी नुसत्या भिंती बघून ती कळणार नाही. त्यासाठी ओरिसाबाचे कागद उघडावे लागतात.

तरी गाव बघण्यासारखं आहे, हे सांगायलाच हवं. 'ला सापिनिएर' या बंगल्यातच आता खोऱ्याचं म्युझियम आहे. तिथे प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून विचारा, ही जपून ठेवायची ऐपत कोणाची होती? आणि यादी करायला वही न्या. कोण दिसलं याची एक, कोण दिसायला हवं होतं याची दुसरी.