‘ॲडेनोमायोसिस’ : रोगनामातील प्रत्यय आणि जननक्षमता-रक्षणाची भाषा

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या ऊती त्याच्या स्नायुभित्तीत आढळतात, भित्ती जाड होते, रक्तस्राव व वेदना वाढतात. या विकारास ॲडेनोमायोसिस म्हणतात. जननक्षमता राखून त्यावर उपचार करण्याविषयी वैद्यकीय लेखन आज विपुल आहे. त्या लेखनातील काही गोंधळ परिभाषेने निर्माण केलेला आहे, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

बाल्टिमोरच्या टॉमस कलन यांनी १९०८ साली या विकारावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी ‘ॲडेनोमायोमा’ हे नाव योजिले. १९२५ साली व्हिएन्नाच्या ओस्कर फ्रांकल यांनी ‘ॲडेनोमायोसिस’ हे नाव पुढे केले. दाह सुचविणारा प्रत्यय त्यांनी जाणीवपूर्वक टाळला होता. ग्रीकमध्ये ‘-मा’ हा प्रत्यय क्रियेचे फळ दाखवितो, तर ‘-सिस’ प्रत्यक्ष क्रिया दाखवितो. संस्कृतातील ‘कर्मन्’मधील ‘-मन्’ आणि ‘कृति’मधील ‘-ति’ हे त्यांचे सगोत्र होत. वैद्यकाच्या परिभाषेत मात्र पहिल्याला अर्बुदाचा आणि दुसऱ्याला विकृत अवस्थेचा अर्थ चिकटला. अर्बुदाला कड असते, म्हणून ते वेगळे काढता येईल अशी अपेक्षा निर्माण होते. अवस्थेला कड नसते. गर्भाशय राखून शस्त्रक्रिया करावी की नाही, हा वाद बहुतांशी या कडेविषयीच आहे.

नाव बदलले तरी निदानाची अट फार काळ बदलली नाही. बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली केलेली व्याख्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ऊतींवर आधारलेली आहे. ऊतींची अशी परीक्षा बहुधा काढून टाकलेल्या गर्भाशयावरच होई. म्हणजे रोगाला निश्चित नाव मिळे तेव्हा राखण्याजोगे काही उरलेले नसे! ध्वनिलहरींच्या व चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने गर्भाशय जागेवर असतानाच निदान होऊ लागले, तेव्हा कोठे ‘राखून उपचार’ या शब्दसंहतीला अर्थ आला.

परंतु राखायचे काय? ‘गर्भाशय राखून’ आणि ‘जननक्षमता राखून’ हे प्रयोग समानार्थी असल्यासारखे वापरले जातात, हा या लेखनाचा मुख्य दोष होय. लेव्होनॉर्जेस्ट्रेल स्रवणारे साधन गर्भाशयात बसविल्यास रक्तस्राव कमी होतो व अवयव वाचतो. पण ते साधन आत असेतो गर्भधारणा रोखली जाते, कारण ते मुळात गर्भनिरोधकच आहे. बीजग्रंथींचे कार्य तात्पुरते थांबविणाऱ्या संप्रेरकोपचाराचीही हीच गत. तो चालू असता क्षमता स्थगित असते, आणि स्थगित काळात स्त्रीचे वय वाढत असते. ‘राखणे’ या क्रियापदात हा काळ कोठेच दिसत नाही.

शस्त्रक्रियेच्या लेखनात दुसरी अडचण आहे. विकार सर्वत्र पसरलेला असला तरी तो छेदून काढण्याच्या क्रियेला ‘ॲडेनोमायोमेक्टमी’ म्हणतात. ज्या ‘ओमा’ची फ्रांकल यांनी हकालपट्टी केली, तो मागील दाराने परत आला. हिसाओ ओसादा यांच्या २०११ सालच्या प्रबंधात अशा पसरलेल्या विकारावरील त्रिपदरी पद्धती वर्णिली आहे. आतील अस्तराच्या व बाहेरील आवरणाच्या बाजूस सुमारे एकेक सेंटिमीटर जाडीची ऊती ठेवून मधला भाग काढावयाचा आणि भित्ती पदरांवर पदर घेऊन पुन्हा रचावयाची. येथे कड रोगाने दिलेली नाही, शल्यविशारदाने ठरविलेली आहे. १०४ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाली. पैकी २६ जणींना अपत्य हवे होते. त्यांतील १६ जणींना गर्भ राहिला व १४ जणींची सुखरूप प्रसूती झाली. त्यांच्यापैकी कोणाचेही गर्भाशय फाटले नाही, ही गोष्ट महत्त्वाची. कारण अशा शस्त्रक्रियेनंतरच्या गर्भारपणातील मोठे भय तेच असते. तथापि तुलनेसाठी दुसरा गट येथे नाही. उरलेल्या ७८ जणींच्या बाबतीत ‘जननक्षमता राखली’ हे विधान कसोटीला लागलेलेच नाही, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

मराठी परिभाषा घडविताना ‘अर्बुद’ हे पद टाळावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘ग्रंथिस्नायुता’ असे भाववाचक नाम अधिक प्रामाणिक ठरेल. पण ते दवाखान्यात कोणी उच्चारील, असा भ्रम नको. तेथे ‘पिशवीला सूज आहे’ असेच सांगतात. ‘सूज’ हा शब्द आकारवाढीला योग्य असला तरी तो दाहही सुचवितो, आणि सूज उतरते अशी रुग्णाची समजूत असते. ती उतरली नाही की ‘पिशवी काढा’ हे पुढचे वाक्य ठरलेलेच. या दोन वाक्यांच्या मध्ये रुग्णेला तीन गोष्टी वेगवेगळ्या क्रियापदांनी सांगता येतात : गर्भाशय राहील काय, गर्भधारणेचा प्रयत्न केव्हा करता येईल, आणि त्या गर्भारपणात धोका कोणता. संमतिपत्रांत या तिन्हींसाठी एकच ‘राखणे’ वापरू नये.