जाळ्याचा नकाशा आणि त्यावरील नावे

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक संगणकीय प्रणालीने डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे संगणक निकामी केले, आणि त्यापाठोपाठ उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या धक्क्याचे काम थांबले. त्याच किनाऱ्यावर लागून असलेले दुसऱ्या कंपन्यांचे धक्के मात्र चालू राहिले. भूगोलाच्या नकाशावर हे धक्के शेजारी आहेत. ओडेसा हजारो मैल दूर आहे. तथापि त्या दिवशी न्हावा-शेवाच्या एका धक्क्याला शेजारचा धक्का दूरचा आणि ओडेसातील कचेरी जवळची ठरली. संगणकांच्या जाळ्याचा नकाशा कसा वाचावा, हा प्रश्न येथूनच उपस्थित होतो.

नेटवर्क-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरे असा नकाशा आपणहून तयार करतात. यंत्रे एकमेकांस विचारीत, शेजाऱ्यांच्या नोंदी गोळा करीत ती गाठी आणि रेषा यांचे चित्र मांडतात. गणितात या दृष्टीची परंपरा ऑयलरच्या १७३६ मधील क्योनिग्जबर्गच्या पुलांवरील विवेचनापासून सांगितली जाते. ‘टोपोलॉजी’ हे नाव लिस्टिंगने १८४७ मध्ये आपल्या ग्रंथाला दिले. करंजाच्या कोळ्याला मात्र हे वेगळे शिकविण्याचे कारण नाही. जाळे पाण्यात पसरलेले असो वा होडीत गोळा करून टाकलेले असो, गाठीला गाठ तीच राहते. सोस्यूरच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे प्रत्येक गाठीचे मूल्य तिच्या संबंधांतून ठरते, स्वतंत्रपणे नव्हे.

यंत्राने काढलेले हे चित्र वापरणाऱ्याला बदलता येते. गाठी हव्या तशा मांडता येतात, त्यांचे गट करता येतात, मागे छायाचित्र लावता येते, रंगांचे नियम ठरविता येतात, नावे देता येतात. हे बदल म्हणजे सजावट, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती चुकीची आहे. असा प्रत्येक बदल म्हणजे संहितेवर केलेले संपादन होय, आणि संपादनाचे गुणदोष त्याला लागू पडतात.

सर्वांत मोहक, आणि म्हणून सर्वांत फसवा, प्रकार म्हणजे पार्श्वभूमीला बंदराचे आकाशातून घेतलेले चित्र लावणे. यंत्र कोठे ठेवले आहे हे त्यावरून चटकन कळते, आणि दुरुस्तीला माणूस धाडावयाचा असेल तर ते उपयोगीही पडते. परंतु डोळा अंतराला संबंध समजू लागतो, आणि ओडेसाहून येणारी रेषा चित्राच्या कडेला निमूटपणे संपते. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हॅरी बेक याने अंतरे सोडून देऊन काढला, तेव्हा त्याने नेमका उलटा विवेक दाखविला होता.

रंगांविषयी थोडे. एचपी ओपनव्ह्यू या जुन्या प्रणालीत हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गंभीर असा संकेत होता, आणि पोटातील सर्वांत वाईट अवस्था वरच्या आकृतीला देण्याचा पर्यायही होता. अलंकारशास्त्रातील अंशावरून समग्राचा बोध येथे यंत्रवत् घडतो. एक छापयंत्र बंद पडले की ‘उरण’ हे अख्खे चिन्ह लाल! शिवाय लाल म्हणजे नेहमीच हानी असेही नाही. अँडी ग्रीनबर्ग यांनी ‘वायर्ड’मध्ये २०१८ साली दिलेल्या वृत्तान्तानुसार मर्स्कच्या मध्यवर्ती नोंदणीची एकच शाबूत प्रत घानामधील कचेरीत सापडली, हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेल्यामुळे ते यंत्र जाळ्यापासून तुटले होते. नकाशाच्या भाषेत ती गाठ मृत होती, आणि म्हणूनच ती वाचली.

खरी गुंतागुंत नावांत आहे. यंत्राचे नाव आणि स्थळ सांगणारे जे दोन घटक १९९१ च्या प्रमाणलेखात आहेत, त्यांना २५५ वर्णांची मर्यादा असून त्यांत केवळ रोमन लिपीचा आस्की संच चालतो. पुढे त्याच कुळातील इतर काही घटकांत यूटीएफ-८ स्वीकारली गेली; हे दोन घटक मात्र २००२ च्या सुधारित प्रमाणलेखातही तसेच राहिले. परिणाम असा, की उरणचा करंजा आणि वाशीमचा कारंजा रोमन लिपीत सहज एकरूप होतात. ज्याची जाळी दोन्ही जिल्ह्यांत पसरली आहेत अशा कार्यालयात हा केवळ ध्वनिशास्त्राचा प्रश्न राहत नाही; रात्री दोन वाजता दुरुस्तीची गाडी कोणत्या दिशेने निघावी, हा प्रश्न असतो. नकाशावर दिसणारे लेबल यंत्राने सांगितलेल्या नावाहून वेगळे ठेवण्याची सोय अनेक सॉफ्टवेअरांत असते, आणि ते लेबल देवनागरीत लिहिण्यास जेथे तांत्रिक अडचण नाही तेथे ते न लिहिण्याचे समर्थन करता येत नाही.

नावांचे बळ या किनाऱ्याला ठाऊक आहे. बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले ते जवाहरलाल नेहरूंच्या नावाने, परंतु आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या स्थळसंकेतात ते अद्याप ‘आयएन एनएसए’ म्हणजे न्हावा-शेवाच आहे. बंदरासाठी हलविलेल्या शेवा कोळीवाड्यातील माणसे आज हनुमान कोळीवाड्यात राहतात. त्यांच्या गावाचे नाव मात्र प्रत्येक जहाजाच्या कागदांवर तीन रोमन अक्षरांच्या मधोमध एक ‘एस’ होऊन उरले आहे.