मैदानावर मांडलेला देश

ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यातले ठरीव विधी मोजकेच आहेत: संघांचे संचलन, राष्ट्रप्रमुखाची घोषणा, ध्वजारोहण, शपथ आणि ज्योत. शपथ १९२० साली अँटवर्पला सुरू झाली, ज्योत १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमला, मशालदौड १९३६ साली बर्लिनला. या विधींच्या जोडीने यजमान देशाने आपला इतिहास नाट्यरूपात मांडण्याची प्रथा १९८० नंतर झपाट्याने फोफावली. शेकडो वर्षे तासाभरात बसवायची म्हणजे पुष्कळ गाळावे लागते. दिग्दर्शकाची पारख या गाळण्यातच होते.

अथेन्सने २००४ साली हा पेच देखणेपणाने सोडवला. दिग्दर्शक दिमित्रिस पापाइओआनू यांचे शिक्षण चित्रकलेचे. मैदानात पाणी भरून त्यांनी तलाव केला आणि त्यातून प्राचीन ग्रीक बेटांवरच्या सिक्लाडिक शिल्पांच्या धर्तीचे एक प्रचंड मस्तक वर आणले. नंतर मिनोअन भित्तिचित्रांपासून पुढची ग्रीक कला जिवंत माणसांच्या रूपाने, जवळजवळ स्तब्ध, समोरून सरकत गेली. ग्रीक इतिहास ग्रीक शिल्पपट्टाच्याच रीतीने सांगितला गेला. आशय आणि घाट इतके एकजीव पुन्हा क्वचितच झाले.

बीजिंगचा २००८ चा सोहळा भव्यतेत आजही अजोड आहे. चित्रपट दिग्दर्शक झांग यिमोऊ यांनी २००८ वादक एका तालात उभे केले. मैदानभर कागदाची गुंडाळी उलगडली आणि नर्तकांनी आपल्या अंगांनीच तिच्यावर चित्र रेखाटले. मुद्रणाचे ८९७ ठोकळे लाटेसारखे उठत-बसत होते. ते यंत्रावर चालत असावेत असे वाटत असतानाच शेवटी आतून माणसे बाहेर आली, तो क्षण या कलेतला एक उच्चांक ठरावा. पण या चीनमध्ये विसावे शतक जवळजवळ नव्हतेच. गाणाऱ्या मुलीचा चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा होता, हेही नंतर उघड झाले. निर्दोष दिसण्याच्या अट्टहासाने त्या अप्रतिम संध्याकाळला उणेपण आणले.

लंडनने २०१२ साली या भव्यतेशी स्पर्धाच केली नाही. दिग्दर्शक डॅनी बॉयल यांनी हिरवे कुरण उखडून त्यातून गिरण्यांची धुराडी उगवलेली दाखवली. कामगार, मताधिकारासाठी लढलेल्या स्त्रिया, सरकारी आरोग्यसेवेतल्या परिचारिका ही त्यांची पात्रे. विनामोबदला राबलेल्या हजारो स्वयंसेवकांमुळे सोहळ्याला गावजत्रेची ऊब आली. तरी एक मोठी वगळणूक इथेही आहे. ‘विंडरश’ बोटीने आलेले कॅरिबियन प्रवासी दिसले, पण ज्या साम्राज्यामुळे ते आले ते साम्राज्य दिसले नाही. भारतीय प्रेक्षकाला ही उणीव जाणवणारच. उलट रिओने २०१६ साली तुटपुंज्या खर्चात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची जखडलेली पावले स्पष्ट दाखवली. हे धाडस मोलाचे आहे.

२०२४ साली पॅरिसने स्टेडियमच सोडले. दिग्दर्शक थोमा जोली यांनी सीन नदीच्या सुमारे सहा किलोमीटरच्या पात्रात सोहळा पसरला आणि खऱ्या वास्तूच नेपथ्य झाल्या. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत जिथे कैदेत होती त्याच वास्तूच्या खिडकीत तिचे छाटलेले शिर गाऊ लागले. कल्पना विलक्षण होती. पण काठावर पावसात भिजणाऱ्याला सोहळ्याचा एक तुकडाच दिसला. सलग सोहळा फक्त दूरचित्रवाणीवर होता, आणि समूहाने एकत्र पाहण्याची कला म्हणून हे नुकसानच आहे.

भारताचा अलीकडचा मोठा प्रयोग म्हणजे दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचा उद्घाटन सोहळा. त्यात शास्त्रीय नृत्ये, योग, लोककला सारे होते, आणि म्हणूनच बराच भाग प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथांसारखा झाला: प्रत्येकाला हजेरी, कथा कोणाचीच नाही. अपवाद माणसांनीच उभ्या केलेल्या आगगाडीचा. तिच्याभोवती फेरीवाले, प्रवासी, बाजार असा रोजचा देश धावत होता. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारताने २०२४ मध्ये इच्छापत्र दिले आहे. यजमानपद मिळालेच, तर आखणीला त्या आगगाडीपासून सुरुवात व्हावी.