हस्ताक्षराची कविता : र. कृ. जोशी आणि माध्यमाचा प्रश्न

कवितेच्या आस्वादात तिच्या लिखित रूपाला काही स्थान आहे काय, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच गांभीर्याने विचारला आहे. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानुसार साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थ हे होय; शब्दाचा नादही तेथे गौण ठरतो. ही भूमिका मान्य केली की अक्षराचे वळण, रेषेची जाडी, कागदावरील मोकळी जागा हे सारे आपोआपच कवितेबाहेरचे ठरते. संस्कृत साहित्यशास्त्राचा निर्णयही याहून फारसा अनुकूल नाही. मम्मटाने व्यंग्यार्थाला पारख्या असलेल्या चित्रकाव्याला 'अवर' म्हटले आणि पद्मबंध, खड्गबंध यांसारख्या रचना त्याच कोटीत जमा झाल्या. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांच्या सुलेखित, चित्ररूप कवितेचा विचार करताना हे दोन्ही निर्णय पुन्हा तपासावे लागतात.

जोशी यांची जडणघडण उपयोजित कलेतली. सर जे. जे. संस्थेतील शिक्षण, जाहिरातक्षेत्रातील काम आणि पुढे मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन, असा त्यांचा प्रवास झाला. अशा कलावंताच्या हाती अक्षर येते ते अर्थाचे निमूट वाहन म्हणून येत नाही. आपोलिनेरच्या 'कालिग्राम' (१९१८) या संग्रहात पावसावरील कवितेच्या ओळी पावसाच्या धारांसारख्या खाली उतरतात. तेथे आकृती विषयाचे अनुकरण करते. सुलेखित कवितेला याच्या पुढे जाता येते. तिच्यात आकृतीला बाहेरच्या वस्तूची नक्कल करावी लागत नाही. अक्षराचा दाब, गती, तुटणे, पुन्हा जुळणे यांतूनच संवाद, विरोध आणि समतोल सिद्ध होऊ शकतात. हे लयतत्त्व मर्ढेकरांचेच आहे आणि ते सर्व कलांना लागू आहे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे त्यांच्या माध्यमविचाराने नाकारलेली कविता त्यांच्याच लयविचाराच्या आधारे समजून घेता येते.

दैनंदिनतेचा प्रश्न येथे वेगळ्या रीतीने उपस्थित होतो. सामान्यतः रोजचे जगणे कवितेत विषय म्हणून येते, असे मानले जाते. परंतु हस्ताक्षर स्वतःच रोजच्या जगण्याचा भाग आहे. ज्या हाताने वाणसामानाची यादी आणि ख्यालीखुशालीचे पत्र लिहिले जाते, त्याच हाताने कविताही लिहिली जाते. मराठीत या दोन व्यवहारांची फारकत लिपीच्याच पातळीवर झाली होती. हिशेब, पत्रे आणि दप्तरे मोडीत लिहिली जात. ग्रंथ आणि काव्य बालबोधीत. मोडीत आधी ओळ आखून तिला अक्षरे टांगली जात आणि लेखणी सहसा उचलली जात नसे. मुद्रणाने बालबोधीला प्रतिष्ठा दिली व व्यवहारातले धावते अक्षर साहित्याच्या पानावरून कायमचे वगळले गेले. सुलेखित कविता हा वगळलेला हात पानावर परत आणते. तिचे महत्त्व केवळ प्रयोगाचे नाही, ते या कारणाने.

तरीही या कवितेच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. नेल्सन गुडमनने (१९६८) कलांचे दोन वर्ग कल्पिले : जिची अचूक नक्कलही मूळ कृती ठरत नाही ती चित्रकला, आणि जिची प्रत्येक बिनचूक प्रत मूळ कृतीच असते ते साहित्य. हस्ताक्षरित कविता या सीमेवर उभी राहते. खिळे जुळवून छापली की तिचे शब्द उरतात, कृती उरत नाही. रवींद्रनाथांनी 'लेखन' (१९२७) हस्ताक्षराच्या प्रतिकृतीतून प्रसिद्ध करून यावर एक तोडगा काढला होता. दुसरी अडचण अधिक अंतर्गत आहे. अनेक चित्रकविता कोड्यासारख्या एका दृष्टिक्षेपात उलगडतात आणि मग संपतात. दुसऱ्या वाचनात काही देते की नाही, ही कसोटी या कवितेलाही चुकवता येणार नाही. हिच्या बाबतीत मम्मटाचा आक्षेप आजही जिवंत आहे.

जोशी यांच्या कार्याचा उत्तरार्ध या चर्चेला अनपेक्षित वळण देतो. हाताच्या अक्षराचा हा पुरस्कर्ता पुढे संगणकाच्या देवनागरीचा शिल्पकार झाला. त्यांचे 'मंगल' हे अक्षरवळण 'विंडोज २०००'बरोबर आले आणि पुढे अनेक वर्षे असंख्य पडद्यांवर तेच दिसत राहिले. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी त्यांची कविता वाचकाच्या हाती पडणे अवघड. पण तेथे संगणकावर अर्ज टंकणाऱ्याच्या नजरेसमोर त्यांचे अक्षर, निर्मात्याचे नाव ठाऊक नसताना, येऊन गेलेले असते. त्यातही एक पेच आहे. शाळेच्या वहीत मराठी वळणाने 'ल' आणि 'श' गिरवलेल्या मुलाला 'मंगल'मध्ये तीच अक्षरे हिंदी वळणाची दिसली. एका हाताची खूण जपणारी कविता आणि सर्वांच्या हाताची खूण पुसणारे सार्वजनिक अक्षर, ही दोन्ही एकाच कलावंताची निर्मिती आहे. यांपैकी पहिलीला साहित्य आणि दुसरीला तंत्र म्हणून वेगवेगळ्या कप्प्यांत टाकणारी समीक्षा जोशी यांना न्याय देऊ शकणार नाही. आणि मराठी अक्षराचा रोजच्या जगण्याशी असलेला संबंधही तिच्या नजरेतून निसटेल.